रोजच्या आयुष्यात मनापासून ख्रिस्ती म्हणून जगणं कसं असतं? नागपूरकरांनो सांगा

मिहानवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा पर्सनल आहे, वाद घालायला विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचं आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. घरी गणपती, महालक्ष्म्या सगळं रीतसर होते. शिकलो हिस्लॉपला त्यामुळे ख्रिश्चन मित्र कॉलेजपासून आहेत, नाताळात सदरला लायटिंग बघायला जातो, केक खातो, पण ते झालं सणासुदीचं.

आता मिहानला जिथे नोकरी करतो तिथे टीममध्ये एक जण आहे, तो नावापुरता ख्रिश्चन नाही, मनापासून मानणारा आहे. डबा उघडला की आधी डोळे मिटतो मग जेवतो. रविवारची सकाळची शिफ्ट घेत नाही पण दिवाळीत आमच्या सगळ्यांच्या शिफ्ट स्वतःहून मागून घेतो. मधे एकदा वरून सांगण्यात आलं की क्लायंटला लिहा टेस्टिंग पूर्ण झालं, झालं नव्हतं, तर हा सरळ म्हणाला सर मी असं नाही लिहू शकत. अप्रेझलला त्याचा फटका बसला. तरी त्याच साहेबाच्या मुलाच्या ॲडमिशनसाठी हा सुट्टीच्या दिवशी धावपळ करत होता. मला हे कळत नाही. राग येत नाही का माणसाला?

तर मला विचारायचं आहे की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आतमध्ये काय चाललेलं असते. सतत देव जवळ आहे असं वाटते का? पापाची भीती वाटते का? कंटाळा येतो का? त्याला विचारलं तर म्हणतो रविवारी ये न एकदा. जायच्या आधी इथे विचारून राहिलो. कोणता धर्म खरा कोणता खोटा ते नको प्लीज, रोजचं सांगा.

रात्रपाळी_सिस्टर:

दादा, आम्हाला लोक एकतर नाताळबद्दल विचारतात नाहीतर धर्मांतराबद्दल, रोजचं कोणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी नर्स आहे, आयसीयूला असते. आम्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आजोबांपासून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सतत देव जवळ आहे असं वाटत नाही, मला तरी नाही. बहुतेक दिवस विशेष काहीच वाटत नाही. ड्युटीवरून सकाळी घरी येते, पाय भरून आलेले असतात, अंघोळ, चहा, मग बायबल घेऊन बसते, एक अध्याय वाचते, फार थकले असले तर एखादं स्तोत्रच. मग प्रार्थना. त्यात मोठमोठे शब्द नसतात, रात्री जे पेशंट होते ते एकेक आठवायचे, मला नावापेक्षा बेड नंबर लक्षात राहतात तर बेड नंबरनेच, मग घरचे, भावाची नोकरी, आणि ज्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं ते सुद्धा. ते सुद्धा काय, त्यांचं नाव तर आधी. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव रोज देवासमोर घ्यायचं ही आईने लहानपणापासून लावलेली सवय आहे. त्याने राग एका दिवसात जात नाही, पण ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली त्याच्याबद्दल दुपारी चारचौघीत बसून वाईटसाईट बोलणं जड जातं. तुझ्या मित्राचं तू जे लिहिलं आहेस ते वाचून मला वाटलं तो पण त्या साहेबाचं नाव घेत असणार.

वॉर्डात मी कोणाला धर्म सांगत नाही. पेशंट माझ्या भरवशावर पडलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही, अशा माणसाला काही ऐकवणं मला बरोबर वाटत नाही. पण लोक स्वतःहून म्हणतात. एखादी आजी म्हणते सिस्टर तुमच्या देवाला सांगा न माझ्यासाठी. मग तिचा हात धरून हळू आवाजात दोन मिनिटं प्रार्थना करते आणि पुढच्या बेडची सलाईन बघायला जाते. सलाईन बघणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं हे पण त्याचीच सेवा असं आम्ही मानतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो भाग, योहानाचा 13 वा अध्याय, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये वाचतात, मला ते ऐकताना दरवेळी वॉर्डच दिसतो.

रविवारी ड्युटी असली की चर्च हुकतं, त्याचं वाईट वाटतं. मग मोहल्ल्यात संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते ती गाठते. सतरंजी टाकून बसायचं, पेटी असते, ढोलक असते, जुनी मराठी भजनं, चाली अभंगाच्या आहेत त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला वाटेल भजनी मंडळ बसलंय. मग एक जण वचन वाचतो, थोडं बोलतो, मग ज्याला जे सांगायचं असेल ते. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कोणाचं लोन अडकलं, कोणाचा मुलगा दारू प्यायला लागला. सगळ्यांसमोर सांगतात लोक, आणि सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि मुख्य म्हणजे पुढच्या आठवड्यात विचारतात काय झालं म्हणून. आमचे बाबा गेले तेव्हा कितीतरी दिवस घरात स्वयंपाक करावा लागला नाही, याच लोकांचे डबे. ख्रिस्ती जीवन एकट्याने जगता येतं असं मला वाटत नाही, निदान मला आलं नसतं.

विदर्भ_एक्सप्रेस:

सिस्टर एक विचारू का, राग मानू नका. आयसीयूत तुम्ही प्रार्थना करता अन् पेशंट जातो तेव्हा काय? आमच्या काकूसाठी आम्ही सगळं केलं, टेकडीच्या गणपतीला रोज जायचे काका, ताजबागला चादर चढवली, कोणीतरी चर्चमधले पण येऊन प्रार्थना करून गेले. काकू गेलीच. तेव्हापासून माझं मन उठलं या सगळ्यावरून.

रात्रपाळी_सिस्टर:

राग कशाचा. काकूंचं वाचून वाईट वाटलं.

खरं सांगू तर आयसीयूत मी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यातले बरेच गेले. प्रार्थना केली की बरं होतंच असं कोणी मंडळीत सांगायला लागलं तर मला बसवत नाही तिथे, कारण मी रोज बघते. आणि बायबलमध्ये पण तसं नाहीये. येशूने पकडले जाण्याच्या रात्री बापाला, म्हणजे देवाला, विनवलं की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, नाही झाला दूर. प्रेषित पौलाला शरीरात काहीतरी काटा, म्हणजे दुखणं, होतं, त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढून वाचा कधी, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त आक्रोश आहे, शेवट पण अंधारावरच होतो, सांत्वन नाही. मला त्या स्तोत्राचा फार आधार आहे, की देवासमोर असं पण बोलता येतं, गोड बोलावं लागत नाही.

मदर तेरेसांची पत्रं 2007 साली बाहेर आली, त्यात कळलं की त्यांना वर्षानुवर्षं देव जाणवतच नव्हता, आत सगळा अंधार होता, आणि तरी रोज पहाटे प्रार्थना आणि दिवसभर माणसं उचलणं चालू होतं. काही लोक म्हणाले बघा म्हणजे त्यांचा विश्वास नव्हता. मला उलट वाटलं. जाणवत असताना करणं सोपं आहे. मरणारा माणूस एकटा मरू नये एवढं तरी माझ्या हातात असतं, तेवढ्यासाठी मी तिथे बसते, आणि तो एकटा नाही असं मी मानते ते मरणाच्या पलीकडचं मानते. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. वधस्तंभावर जो मेला तो तिसऱ्या दिवशी उठला यावर माझा विश्वास आहे आणि सगळं त्याच्यावरच उभं आहे. ते काढलं तर माझ्याकडे सांगायला काही राहत नाही.

उत्तर_नागपूर_इलेक्ट्रिकल:

भाऊ मी वायरिंगचे छोटे कंत्राट घेतो. आमचं घर मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ, मेकोसाबागकडचं. पण अर्धी भावकी बौद्ध आहे. 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा दिली तेव्हा आजोबाचे भाऊ तिकडे गेले, आजोबा त्याच्या आधीच ख्रिस्ती झालेले होते. त्यामुळे दसऱ्याला गावावरून दीक्षाभूमीला येणारे सगळे आमच्या घरी उतरतात, आई दोनदोन पायल्यांच्या पोळ्या करते, अन् नाताळाला ते सगळे परत आमच्याकडे. कोणी कोणाला बदलवायला पाहत नाही. हे याच्यासाठी सांगून राहिलो की ख्रिस्ती झाला म्हणजे आपल्या लोकातून तुटला असं बाहेरून वाटते, काही घरात झालं पण तसं, आमच्यात देवाच्या कृपेनं नाही झालं.

लोक तोंडावर विचारतात किती पैसे भेटले ख्रिश्चन व्हायचे. त्यांना मी सांगतो, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले होते, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणून चुलत भावाच्या पोराला जे सर्टिफिकेट भेटते ते माझ्या पोरीला भेटत नाही, फी पूर्ण भरतो. काही लोक कागदावर जुनंच ठेवतात अन् मनानं ख्रिस्ती राहतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न असते. पण आजोबानं नोंद केली ती केली, अन् आम्ही ती बदलवली नाही.

तू रोजचं विचारलं तर माझं रोजचं म्हणजे पैसा. चर्चमध्ये बसून देव मानणं काही कठीण नाही, बिल बनवताना कठीण जाते. आमच्या धंद्यात जेवढी वायर लागली त्याच्यापेक्षा जास्त लिहायची पद्धत आहे, कंपनीचं स्विच सांगून लोकल लावायची पद्धत आहे, गिऱ्हाईकाला कळत पण नाही. मी नाही करत. त्यामुळे माझं कोटेशन नेहमी महाग दिसते अन् काम दुसऱ्याला जाते. काही ठिकाणी टेबलाखालून दिल्याशिवाय बिल निघतच नाही, तिथलं काम धरणंच सोडून दिलं. माझ्यासोबत सुरुवात केलेल्या पोट्ट्यांचे आज बंगले आहेत, माझी ॲक्टिव्हा आहे. बायकोला कधी कधी त्रास होते याचा, मी खोटं नाही बोलणार. अन् जे येते त्यातला दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, बाजूला काढतो, महिन्याच्या सुरुवातीला, उरलं तर देऊ असं नाही. त्यातला काही चर्चला, काही एका विधवा बाईच्या लेकराच्या शाळेला. हातात टंचाई असताना पहिले दहावा हिस्सा काढताना हात थरथरते, पण तेव्हाच मला कळते की माझा भरवसा नेमका कशावर आहे. हे असं पंधरा तारखेनंतर नाही कळत, एक तारखेलाच कळते.

प्रसादाचं पण विचारशील म्हणून सांगून ठेवतो. गणपतीत आमच्या लाइनीतल्या मंडळाचं लायटिंग मीच करतो, मजुरी घेत नाही, शेजारी आहेत ते आपले. पूजेत बसत नाही. महाप्रसादाला बोलावलं तर मी जेवतो, माझी बायको नाही जेवत, तिला मनातून बरोबर नाही वाटत. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 8 ते 10 अध्याय याच भांडणावर आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपासून हा प्रश्न आहे. तिथे तो म्हणते मूर्तीला वाहिलं म्हणून अन्नात काही बदल होत नाही, पण तुझ्या खाण्यानं भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर नको खाऊ. म्हणून बायको सोबत असली की मी पण नाही जेवत, दोघं नमस्कार करून निघतो. मंडळवाल्या पोरांना माहीत आहे, ते आमच्यासाठी वेगळी केळी आणून ठेवतात. एवढं कोणी कोणासाठी करते का आजकाल.

मिहानवाला:

बाप रे, एवढं मनापासून लिहिलं सगळ्यांनी, थँक्यू. केळीवालं वाचून भारी वाटलं. सिस्टर तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. पण माझा एक मुद्दा राहिलाच, पापाची भीती. माझ्या शाळेत एक ख्रिश्चन मुलगी होती ती सारखी म्हणायची हे पाप आहे ते पाप आहे. तसं दडपणाखाली जगता का तुम्ही? आणि माफ करणं, ते खरंच होते का आतून?

सेमिनरी_हिल्स_काका:

बाळा, मी निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवायचो. आम्ही कॅथलिक. वरच्या दोघांपेक्षा आमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या आहेत.

माझा दिवस सकाळच्या मिस्साने, म्हणजे चर्चमधल्या उपासनेने, सुरू होतो. निवृत्तीनंतर रोज जाता येतं, नोकरीत असताना फक्त रविवारी. संध्याकाळी घरी रोझरी, माळ हातात घेऊन बायको आणि मी, मुलं पुण्याला असतात ती कधी फोनवरून सामील होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तेच तेच शब्द पुटपुटतात, पण ती पुनरावृत्तीच मनाला बसवते, नामजप करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ असतो, 40 दिवसांचा, रविवार त्यात मोजत नाहीत. त्या काळातल्या शुक्रवारी मांस नाही, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण. ईस्टर एप्रिलमध्ये आला की नागपूरचं ऊन तुला माहीत आहे, गुड फ्रायडेला दुपारी तीनची उपासना, चर्च गच्च भरलेलं, पंखे गरम हवा फेकतात, म्हातारे लोक गुडघ्यावर. मला ती दुपार वर्षातली सगळ्यात महत्त्वाची वाटते, नाताळपेक्षाही.

आता भीतीचं. पाप हा शब्द आमच्याकडे खूप ऐकू येतो हे खरं, आणि काही घरांत त्याचा धाक घालून मुलं वाढवतात हेही मी शिक्षक म्हणून पाहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. पण कन्फेशन काय असतं ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. तुम्ही जाता, गुडघे टेकता, जे केलं ते तोंडाने सांगता, फादर ऐकतात, दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना देतात आणि क्षमेचे शब्द उच्चारतात. फादरांनी ते कुणालाही, पोलिसांनाही सांगायचं नसतं, सांगितलं तर चर्चच्या नियमाप्रमाणे ते बहिष्कृत होतात. बाहेर आलं की हलकं वाटतं. भीतीने दबलेला माणूस पाप लपवतो, ज्याला क्षमा मिळणार याची खात्री आहे तोच ते उघड बोलू शकतो. म्हणून मी म्हणेन की दडपण नाही, उलट मी बरा माणूस आहे असं सिद्ध करत बसायची गरज संपते. रोज संध्याकाळी दिवस मागे फिरवून बघायचा, कुठे चुकलं, कुठे कृपा झाली, आणि उद्या पुन्हा सुरुवात. हे मी अनेक वर्षं करतोय आणि अजून सुरुवातच करतो.

माफ करण्याचं विचारलंस, तर तेच सगळ्यात अवघड. प्रभूची प्रार्थना आम्ही दिवसातून कितीदा म्हणतो, त्यात आमच्या अपराधांची क्षमा मागताना लगेच म्हणावं लागतं, जशी आम्ही इतरांना केली तशी. म्हणजे रोज स्वतःला अट घालून घ्यायची. माझ्या स्वतःच्या भावाने वडिलांच्या जागेत माझा हिस्सा दाबला. कोर्टात जायला कुणाची मनाई नाही, क्षमा म्हणजे अन्याय बरोबर म्हणणं नव्हे, आणि जागेसाठी मी कागदपत्रं दिलीही. पण त्याच्याबद्दलचा जो कडूपणा घशात बसतो तो रोज काढावा लागतो. सकाळी काढला तरी संध्याकाळी परत असतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याने विचारलं होतं भावाला सात वेळा क्षमा करू का, तर येशू म्हणाला सातांच्या सत्तर वेळा. लहानपणी मला तो आकडा अतिशयोक्ती वाटायचा. आता कळतं की एकाच अपराधासाठीसुद्धा तेवढ्या वेळा करावी लागते.

मी ज्यांच्याकडे बघतो त्या आपल्या जवळच्याच. 25 फेब्रुवारी 1995 ला सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे बसने निघाल्या होत्या, बसमधेच त्यांना चाकूने भोसकून मारलं. त्या गावोगावी आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सुटायला मदत करत होत्या, तेच खुपलं होतं. मारणारा समंदर सिंग तुरुंगात गेला. राणी मारियांची सख्खी बहीण सेल्मी पॉल, ती पण सिस्टर, ती तुरुंगात गेली आणि त्याच्या हाताला राखी बांधून आली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी आईला भेटायला गेला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. मी वर्गात विज्ञान शिकवताना कधी धर्म बोललो नाही, पण रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी ही एक गोष्ट मुलांना सांगायचो. ती बहीण जेलच्या दारात उभी असताना तिला आतून काय वाटत असेल ते मला माहीत नाही, पण हात पुढे केला एवढं खरं.

आणि तू हिस्लॉपचा विद्यार्थी म्हणून एक. ज्यांच्या नावाचं कॉलेज ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, मिशनरी होते, शाळा काढली, आणि त्याच आयुष्यात नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडले, हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावावर आहे. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. बायबल आणि हातोडा एकाच पिशवीत बाळगणारा माणूस असं मी मुलांना सांगायचो. विश्वास ठेवला म्हणजे डोकं बाजूला ठेवावं लागतं असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढ.

धरमपेठ_पीजी:

सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिश्चन बोलून राहिले म्हणून मी पण लिहिते. मी घरातली एकटीच विश्वासी आहे. गाव चंद्रपूरकडे, इथे शिकायला आले, रूममेटसोबत फेलोशिपला, म्हणजे विश्वासी लोकांच्या प्रार्थनेच्या गटाला, जायला लागले, हळूहळू विश्वास बसला. बाप्तिस्मा अजून घेतला नाही. घाई करू नको, आईवडिलांशी आधी नीट बोल, असं मला फेलोशिपमधल्याच ताई म्हणाल्या.

माझं रोजचं थोडं एकटेपणाचं आहे. सुट्टीत घरी गेले की सणाला आई म्हणते दिवा लाव, मी आईला सगळी मदत करते, रांगोळी काढते, पुरण वाटते, पण आरतीच्या वेळी मागे उभी राहते अन् तिच्या चेहऱ्यावर काय येते ते मला दिसते. आईवडिलांचा मान ठेव ही पण आज्ञाच आहे न दहांतली. मग दोन आज्ञांच्या मधे उभं राहिल्यासारखं वाटते. रात्री मोबाईलवर बायबल वाचते, पांघरुणात. आईला सांगितलं आहे, बाबांना अजून नाही. आई एवढंच म्हणाली की तू पहिल्यापेक्षा कमी चिडतेस आता, पण मला सोडून जाऊ नको. तिला कसं सांगू की जाणार कुठेच नाही.

कंटाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, येतो. प्रार्थनेत मन भटकते, परीक्षेचं टेन्शन, रील्स, सगळं आठवते. आमच्या ताई म्हणतात मन भटकलं तर ज्याच्याकडे भटकलं त्याच्यासाठीच प्रार्थना कर. ते मला जमते.

विदर्भ_एक्सप्रेस:

सिस्टर तुमचं 88 वं स्तोत्र वाचलं मोबाईलवर. माझा विश्वास बसला असं काही नाही. पण काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले परत वाच. थँक्यू.

मिहानवाला:

काका, ताई, सगळ्यांचे आभार. येत्या रविवारी जाऊन राहिलो मित्रासोबत. तो सीएनआयचा आहे, ऑल सेंट्स कॅथेड्रलला जातो. काही नियम आहेत का? काय घालायचं, कुठे बसायचं, आपल्याला काही करावं लागते का? उगाच कोणाचा अपमान नको व्हायला.

रात्रपाळी_सिस्टर:

ये ये, आमच्याच चर्चमध्ये येतोयस म्हणजे. बघताना एक लक्षात ठेव, 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच सहा वेगवेगळ्या चर्चनी एकत्र येऊन सीएनआय झालं. लोक विचारतात तुमच्यात एवढे पंथ का, तेव्हा मी हे सांगते की जोडायचे प्रयत्न पण झाले आणि ते नागपुरात झाले. इलेक्ट्रिकलवाल्या दादांचे मेथॉडिस्ट त्यात आले नाहीत, पण आमची सोयरिक, मयत, प्रार्थना सगळं एकत्रच असतं.

कपडे साधे नीटनेटके, खास काही नको. मित्राच्या बाजूला बस. सगळे उभे राहिले की उभं राहा, बसले की बस, गुडघे टेकतील तेव्हा तू नुसतं बसून राहिलास तरी चालतं. गाणी पुस्तकात बघून म्हणतात, म्हणावंसं वाटलं तर म्हण. अर्पणाची थैली फिरेल, पाहुण्याने टाकायलाच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन असेल तर लोक ओळीने पुढे जातात भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तू जागेवर बसून राहा, कोणी वळून बघणार नाही. शेवटी पाळक दाराशी उभे असतात, हात मिळवतात, नाव विचारतील, कुठून आलास विचारतील. बाहेर लोक तासभर गप्पा मारत उभे राहतात तर लगेच निघून जाऊ नको. आणि मराठीच्या उपासनेला यायचं की इंग्रजीच्या ते मित्राला आधी विचारून घे, वेळा वेगळ्या आहेत.